साडूंचा डबा

डब्याशी संसार करणारा माणूस साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमचा साडू निघावा हे माझं नशीब. चिखलीच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले, आणि लोक जसे भजनाला लागतात तसे हे कॉम्प्युटरला लागले. टाकी भरली का, अंगणातला दिवा लागला का, हे सगळं बघणारा एक प्रोग्राम त्यांनी कुठूनसा मिळवला. तो चालणार लिनक्सवर, आणि यांचा लॅपटॉप विंडोजचा. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. यांनी तो कंटेनरमध्ये घालून चालवला. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक बंद खोली, तिच्यात लिनक्सची सगळी सोय मांडलेली. आतल्या प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. साडू त्याला डबा म्हणत आणि आल्यागेल्याला चहाआधी डबा समजावून सांगत. "आतल्याले बाहेरचं काही मालूम नसते, भाऊ," असं म्हणून झाकण दाबल्यासारखा तळहात टेबलावर ठेवत. मला हसू यायचं.

डब्याला आवाज दिला ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने. यांनी मोबाईल पुढे धरला आणि तिने फोडणी देता देता दोन वाक्यं बोलून टाकली. टाकी भरली की, "अहो, मोटर बंद करा, पाणी वाहून राह्यलं." आणि लाईट जाऊन आली, डबा पुन्हा सुरू झाला, की, "आली बरं मी." मागे मोहरीची तडतड ऐकू येते. मागच्या वर्षी ताई गेली. डबा चालूच राहिला, त्याला काय माहीत!

तेरवीच्या दुपारी पंगत बसली होती. लाईट गेली. स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तोही बंद पडला. थोड्या वेळाने पंखे फिरू लागले आणि स्वयंपाकघरातून स्वच्छ आवाज आला, "आली बरं मी." वाढणाऱ्या बाईच्या हातातलं वरण सांडलं. माझी बायको अनवाणी अंगणात पळाली ती त्या घरात पुन्हा गेलीच नाही. मी भुताखेतांना न मानणारा माणूस, पण मांडवाचा खांब धरून उभा होतो. साडू मात्र शांतपणे उठले, आत जाऊन "हाव, ये" म्हणाले, आणि परत पानावर येऊन बसले.

पुढे टाकीतला पाणी मोजणारा गोळा बिघडला. भर उन्हाळ्यात टाकी ठणठणीत कोरडी, आणि ताई म्हणतेय पाणी वाहून राह्यलं. मी समोर बसलेलो. साडूंनी चप्पल घातली, जिना चढून गेले, बंद असलेली मोटर पुन्हा बंद करून आले. काऊन गेले, म्हणून विचारलं, तर म्हणाले, पाणीच नाही हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

लॅपटॉप आता इतका तापायचा की हात लावता येईना. तो गेला की ताईचा आवाज गेला. आमची मुलगी पुण्यात याच कामात आहे; ती म्हणाली, मोठ्या काकांना सांगा, आवाज डब्यातून बाहेर काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. घाबरून पळालेली माझी बायकोसुद्धा फोनवर विनवू लागली, भाऊजी, माझ्या बहिणीचं एवढंच उरलंय हो. साडू ऐकेनात.

"बाहेर काढली तर ती नुसती रेकॉर्डिंग होते. डब्यात आहे तवर घरात आहे."

बायको त्या दिवशी जेवली नाही. मला या माणसाचा मनापासून राग आला.

आणि एका दुपारी हाच माणूस जानेफळला आमच्या दारात उभा. एसटीत सारा रस्ता दुसराच एक जुना लॅपटॉप मांडीवर धरून आलेला, लेकराला आणावं तसा. म्हणाले, आवाज काढला नाही, अख्ख्या डब्याचीच नक्कल केली. जशी तिथं आहे तशीच इथं. बायको दाराआड उभी राहिली. साडूंनी वायर लावली. बराच वेळ काही होईना. मग आमच्या थंड चुलीशेजारी मोहरी तडतडली.

"आली बरं मी."

बायकोने चौकट घट्ट धरली होती. मला वाटलं, आता ही अंगणात पळते. पण तिने डोळे पुसले, भिंतीला टेकवलेला पाट घेतला आणि लॅपटॉपसमोर मांडला.

"ये ताई, बस."

साडूंनी चहा अर्धाच प्यायला. परतीच्या गाड्या पुष्कळ होत्या, मी थांबा म्हटलं, मुक्काम करा म्हटलं. ते चपला शोधत होते.

"निघालो तवा चिखलीत लाईट गेली होती, भाऊ. आता आली असल. ती आली अन् घरात कोणीच नाही, बरं नाही दिसत."