एका घाण्याला एक प्रकरण

"बराबर ध्यान द्या. एकदाच सांगंन." कुकरचं झाकण आवळलं की मामा बोट वर करून हेच म्हणायचे.

कुरुंदा गावाच्या पट्ट्यात ओली हळद वाफेवर शिजवायला, सगळे ज्यांना मामा-मामी म्हणायचे ते जोडपं, शेतोशेत मोठा कुकर घेऊन फिरायचं. मामी भट्टीत लाकडं सारायच्या, मामा वाफ सांभाळायचे. एक घाणा, म्हणजे कुकरभर हळद, शिजेपर्यंत गोष्टीचं एक प्रकरण, हा त्यांचा शिरस्ता. गोष्ट एका जुन्या विज्ञान कादंबरीची. रद्दीतून आणलेलं ते पुस्तक वाळवीने कधीच खाल्लं होतं. "आता ह्या मडक्यात तेवढी उरली," म्हणत मामा कपाळावर टिचकी मारायचे.

सूर्य विझत चालला म्हणून माणसं यानातून दुसऱ्या ताऱ्याकडे निघतात. वाट एवढी लांब, की पोचली तर नातवंडंच पोचायची. यानातच जन्मलेली एक पोरगी आज्याला विचारते, वारा म्हणजे काय? इथे मामा समोरच्याच्या तळहातावर हळूच फुंकर घालायचे. अहो, काय सांगू तुम्हाला! मार्चच्या उन्हात, भट्टीशेजारी उभं असताना माझ्या अंगावर काटा यायचा.

पण आमचे घाणे संपले की कुकर पुढच्या शेतात, आणि गोष्टही तिकडेच. आमच्या वाट्याला दरवर्षी मधलाच तुकडा. मी कुरकुर केली की म्हणायचे, "गुरुजी, गोष्ट रांगेनंच चालती."

गेल्या हंगामात झाकण आवळलं, बोट वर केलं, आणि मामा गप्प. आजारपणात दवाखान्यात राहून आल्यापासून ते माणसांची नावं विसरायचे, पण कादंबरी शाबूत होती. "पोरीनं इचारलं... काय इचारलं?" डोकं धरून ते खालीच बसले. "गेली, गुरुजी. इतकी जपली, ती बी गेली."

मामींना अक्षरओळख नाही. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "वारा म्हंजी काय, असं इचारलं तिनं." आणि पुढे सांगतच राहिल्या. यानातलं पाणी कसं आटलं, आजा कसा गेला, नातवंडं कुठे उतरली, सगळं, न अडखळता. शेतोशेत फिरून अख्खी कादंबरी ऐकलेलं माणूस एकच होतं, आणि आम्हा शहाण्यांच्या ते कधी ध्यानातही आलं नव्हतं! एक घाणा उतरला, दुसरा चढला. मी शाळेची वेळ विसरलो.

मामा तोंड उघडं टाकून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी मामींचा हात धरला.

"हे समदं तुला कोनी सांगितलं गं?"

"हाय एक माणूस."

"मंग मला त्याच्याकडं घेऊन चल," मामा म्हणाले. "पयल्यापासून ऐकायची मला."

मामींनी भट्टीकडे तोंड फिरवलं.