कुसुमताईंचा धरमकाटा

रायपूरच्या भनपुरीत कायदा पोचतो, पण तोही ट्रकच्या रांगेतून, आपला नंबर लागल्यावर. तिथेच हमरस्त्याला लागून कुसुमताईंचा धरमकाटा आहे. भरलेला ट्रक लोखंडी फलाटावर चढतो, ड्रायव्हर खाली उतरतो आणि खिडकीतून कुसुमताई भोंग्यावर गाडीचा नंबर व वजन पुकारतात. ड्रायव्हर उतरल्याशिवाय त्या बटणाला हात लावत नाहीत. नवरा, नरहर, गेल्यापासून चौदा वर्षं त्यांचा हा आवाज अख्खा पट्टा ऐकतो आहे, आणि त्यावर विश्वासही ठेवतो.

त्या विश्वासाला एक भोक होतं. सहा वर्षांपूर्वी रणजितबाबू या सळयांच्या बड्या व्यापाऱ्याची गाडी आली, एक्केचाळीस टनांची. कायद्याने पास होते अठ्ठावीस. रणजितबाबूच्या गाड्या रोज इथेच यायच्या. त्या दुसऱ्या काट्यावर जातील या धास्तीने कुसुमताईंनी मशीन बंद असल्याचं सांगून हाताने अठ्ठाविसाची पावती फाडली. पुढच्याच वळणावर गाडी उलटली आणि ड्रायव्हर राकेशचा पाय गेला. चौकशीत पावती पुढे आली. वजन बरोबर, म्हणजे चूक ड्रायव्हरची. लायसन्स गेलं, आणि दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस दारुडा ठरला. कुसुमताई तोंडाला कुलूप लावून बसल्या. पावती लिहिली ती भीतीपोटी, तेवढं एक वेळ समजून घेता येईल. पण नंतरची सहा वर्षं कुठल्या हिशेबात बसवायची?

परवा भर दुपारी राकेश कुबडी टेकत खिडकीशी आला.

"दीदी, अनुश्री बिटिया का रिश्ता आया है," तो म्हणाला. "लड़केवाले पूछ रहे हैं, बाप ने पीकर गाड़ी पलटाई थी क्या. आप बस इतना बता दो कि मेरी गलती नहीं थी."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे असं विनवणं मात्र काळजात गेलं.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "शिक्क्यासकट लिहून देतो मी."

नव्या रायपूरला नोकरी करणारा मुलगा, शिशिर, संध्याकाळी फोनवर समजावू लागला. "आई, काँटे का लाइसेंस जाएगा. केस भी हो सकता है."

"होऊ दे ना. सहा वर्षं काय मी सुखानं झोपून राहिली होती?"

भनपुरीत बातमीला ट्रक लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रणजितबाबूची सळयांनी खच्चून भरलेली गाडी काट्यावर चढली ती उतरेचना. ड्रायव्हरने चावी सोबत आलेल्या मालकाच्या हातात दिली आणि तो चालता झाला. मागे पंधरा-वीस ट्रक खोळंबले, हॉर्न वाजू लागले. त्या गर्दीत राकेशही होता.

"वहिनी, काहून जुनं उकरून राहिल्या?" चावी खिशात टाकत रणजितबाबू म्हणाला. "तुमचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत ही गाडी इथून हलत नाही."

खोटं कशाला सांगा, कुसुमताई घाबरल्या होत्या. पण त्यांची नजर आकड्यांवर गेली. गाडी फलाटावर होती. ड्रायव्हर उतरलेला होता. आजवर कुणाला उतरायला दोनदा सांगावं लागलं असेल, पण आज सगळं न सांगताच नियमाप्रमाणे झालं होतं.

त्यांनी बटण दाबलं आणि भोंगा तोंडाशी धरला.

"गाड़ी नंबर चालीस बारह. वजन उनचालीस टन. पास अट्ठाईस."

हॉर्न थांबले. रणजितबाबूने मान वर केली. ताईंनी श्वास घेतला, आवाज तोच ठेवला.

"छह साल पहले, राकेश की गाड़ी. वजन इकतालीस टन. पर्ची पर अट्ठाईस मैंने लिखा. गलती राकेश की नहीं थी. मेरी थी."

रांगेतले ड्रायव्हर राकेशकडे बघू लागले. तो कुबडीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घालून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

"काटा बंद होईन तुमचा," रणजितबाबू खिडकीशी येऊन म्हणाला.

"होईन तवा होईन. आज चालू आहे."

मशीनने एकोणचाळीस टनांची पावती बाहेर टाकली. रणजितबाबू आजही किती लादतो याचा पुरावा म्हणून ताईंनी तिची एक प्रत राकेशसाठी रात्रीच लिहून ठेवलेल्या कागदाला टाचली, दोन्हींवर शिक्का मारला आणि राकेशला खिडकीशी बोलावून दोन्ही त्याच्या हातात दिली. मग चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी रणजितबाबूला नुसत्या नावाने हाक मारली.

"रणजित, चावी तुह्याच खिशात आहे. गाडी काढ. मले मागची तोलायची आहे."