आस्कंदाची पुडी

वैद्याच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. रोगी ते वहाणांबरोबर ओटीवर ठेवतात आणि जाताना फक्त वहाणा घालतात. दिवेआगरला आमच्याकडे सगळ्यात जास्त खप आस्कंदाचा, म्हणजे अश्वगंधेच्या मुळीचा. थकवा आला, झोप उडाली, मन लागेना, की यांची एकच पुडी. नाडी हे बघायचे, आस्कंद कुटायची मी. नाव अर्थातच यांचं!

हिरू नाखव्याला यांनी पुडी दिली, रोज दुधातून घे म्हणाले. काही दिवसांनी नाखवा टवटवीत होऊन आला. यांनी खुशीत विचारलं, दूध गाईचं की म्हशीचं?

"आमचे घरी गाय न्हाय, बुवा. माडाची ताजी माडी हाय, तिच्यात घेतला."

हे भयंकर संतापले. दुसऱ्या दिवशी निम्मा कोळीवाडा ओटीवर हजर. सगळ्यांचीच झोप उडालेली!

शाळामास्तरांना इतका गुण आला, की ते वर्गातच हनुवटीला हात लावून झोपायला लागले. नेमके डिपोटीसाहेब तपासणीला आले. मास्तर जागे झाले तर छडी घेतील, या धास्तीने पोरं चिडीचूप बसलेली. साहेब दारातूनच शिस्तीची तारीफ करून पुढच्या गावाला गेले.

एक सासू सुनेला घेऊन आली. सून सुकलेली, बोलेना. यांनी पुडी दिली आणि पथ्य सांगितलं, जात्याला हात लावायचा नाही, दुपारी आडवं व्हायचं. सून गाणी म्हणायला लागली. मग सासू एकटीच आली.

"बुवा, माझी पण नाडी बघा. दळण आता माझ्याकडं हाय."

आता यांचं ऐका. आमची सुमन लग्न होऊन पालीला गेली आणि घर खायला उठलं. मला निदान रडता यायचं. हे नुसते आढ्याकडे बघत पडायचे. लेकीला पाठवा म्हणून यांनी एकदा निरोप धाडला, व्याही म्हणाले, बघू पुढच्या सणाला. पुन्हा विचारायला यांचा मान आडवा यायचा. हे दिवसेंदिवस वाळत चालले, मला भीती वाटायला लागली.

वैद्य स्वतःची नाडी बघत नाही. म्हणून शेवटी, सुपारीचा भाव बघून येतो असं सांगून, हे बोर्लीच्या हकीमसाहेबांकडे गेले. परत आल्यावर कबूल केलं आणि पुडी दाखवली. आस्कंदच होता, मीच कुटलेला. हकीमसाहेबांचा माणूस मागच्या दाराने न्यायचा, यांना पत्ता नव्हता. हे वास घेऊन म्हणाले, "काही म्हण, हकिमाचा माल उंची असतो!"

हकीमसाहेबांची ताकीद मात्र सक्त होती, पुडी लेकीच्या हातच्या दुधातूनच घ्यायची, नाहीतर लागू पडणार नाही. औषधाचंच कारण म्हटल्यावर यांनी तडक पालीला माणूस धाडला. व्याह्यांनाही नाही म्हणता येईना.

त्याच आठवड्यात दुपारी सुमन बैलगाडीतून उतरली. यांच्याजवळ बसली, सासरचं थोडं बोलली आणि दूध तापवायला आत गेली. पेला घेऊन बाहेर आली, तर हे लोडाला टेकून गाढ झोपलेले. पुडी हातात तशीच, न उघडलेली.

"आई, उठवू का गं?"

मी म्हटलं, "उठवलंस तर बघ. दूध तू पी."