सरूबाईच्या दंडावरचा चट्टा

देवगाव रंगारीपासून चार मैल आत असलेल्या त्या गावात सरूबाई वीस वर्षं सुईण होती. नवरा गेल्यावर तिनं हे काम सासूकडून उचललं, पुढं सरकारी दवाखान्यात महिनाभर शिकूनही आली. कुठल्या बाईला घरी ठेवायचं आणि कुठलीला वेळेत दवाखान्यात धाडायचं, हे ती चेहरा बघूनच ओळखायची. तिचा शब्द कुणी मोडत नसे.

१९८७च्या हिवाळ्यात अंगावरचे चट्टे तपासायला वैजनाथ नावाचे सरकारी कर्मचारी गावात आले. रगतपितीचं, म्हणजे कुष्ठरोगाचं, नाव काढलं की बाया दारं लावून घेत. मग सरूबाईच त्यांच्याबरोबर घरोघर हिंडली. "मी हाय ना संगं. दाखव पाठ. गोळ्यांनी बरं व्हतंय," असं म्हणत तिनं एकेकीला पुढं आणलं. पहिला चट्टा दगडाबाईच्या पाठीवर निघाला, तेव्हा सरूबाईनंच तिला शाळेच्या ओसरीवर सगळ्यांसमोर गोळ्या घ्यायला बसवलं.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर ती हात धूत होती. बाही वर सरकली आणि वैजनाथांना तिच्या दंडावर एक फिकट डाग दिसला. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून त्यावर कापूस फिरवला. सरूबाईला त्याचा स्पर्शच कळला नाही.

"मावशी, आत्ताशी सुरुवात आहे. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. सहा महिने गोळ्या घ्या. मी घरी आणून देईन, कुणाला कळणारही नाही."

सरूबाईनं ओले हात पदराला पुसले. "दगडाबाईला म्या समद्यांम्होरं गोळ्या घ्यायला लावलं," ती म्हणाली. "आता माझीच बाही झाकून बसू व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर दगडाबाईशेजारी बसली आणि सगळ्यांदेखत गोळ्या गिळल्या.

त्या दिवसापासून तिला बोलावणं येईनासं झालं. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. फक्त हापशावर तिची घागर भरेपर्यंत बाया लांब उभ्या राहायच्या, आणि ती निघून गेली की दांडा धुऊन घ्यायच्या.

फाल्गुनात मनकर्णाबाईची आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मनकर्णाबाई आणि सरूबाई एकाच साली या गावात नांदायला आलेल्या, आणि आशाला जन्माला घातलं तेही सरूबाईनंच. एका सकाळी हापशावर तिनं आशाला पाहिलं. पोरीचं तोंड सुजलं होतं, पायात चपला मावत नव्हत्या, आणि ती सारखी कपाळ चोळत होती. सरूबाई तशीच मनकर्णाबाईच्या दारात गेली.

"मनकर्णा, पोरीचं लक्षण बरं नाय. आजच देवगावला ने. दाब बघू दे डाक्टरला."

"तिथंच ऱ्हा, सरू," आतून आवाज आला. "पयलटकरणीला सूज येतीच. अन् तुझी सावली नको माझ्या लेकीवर."

सरूबाई दोन दिवसांनी पुन्हा गेली. दार उघडलं नाही.

आठव्या दिवशी आशाला झटके आले. शेजारणींनी कसंबसं तिला मोकळं केलं, पोरगी झाली. मग तिला जीपमध्ये घालून औरंगाबादकडं नेलं, पण निम्म्या वाटेतच तिनं प्राण सोडला.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई स्वतः सरूबाईच्या झोपडीसमोर येऊन उभी राहिली. हातात फडक्यात गुंडाळलेली, मुठीएवढी पोर होती. "दूध वढीना," एवढंच ती म्हणाली आणि पोर सरूबाईच्या ओटीत ठेवली.

सरूबाईनं पोरीला उघड्या छातीशी धरून वर लुगडं पांघरलं आणि वाटी-चमच्यानं थेंब थेंब दूध पाजलं. दोन महिने ती मनकर्णाबाईच्या ओसरीवरच राहिली. पोर अंग धरू लागली.

मध्येच वैजनाथ गोळ्या द्यायला आले. तेव्हा तिनं मनात दाबून ठेवलेलं विचारलं.

"साहेब, मी तवा बाही झाकून गप बसले असते, तर आशा माझं ऐकून दवाखान्यात गेली असती. व्हय ना?"

"मावशी, तुमची काही चूक नाही."

"ते नाय इचारलं म्या."

वैजनाथांनी गोळ्यांची पुडी काढून तिच्यापुढं ठेवली.

जेठ महिन्यात आशाची सासू, वच्छलाबाई, नातीला न्यायला लासूर स्टेशनाहून आली. एस.टी.च्या थांब्यापर्यंत सरूबाईच पोरीला घेऊन चालली. गाडी आली तशी वच्छलाबाईनं पिशवीतून नवं दुपटं काढलं. सरूबाईच्या लुगड्याचं फडकं पोरीच्या अंगावरून दोन बोटांनी सोडवून थांब्याच्या ओट्यावर टाकलं, पोरीला नव्या दुपट्यात गुंडाळलं आणि ती गाडीत चढली. पोर रडायला लागली होती.

"डाव्या कुशीवर निजवा तिला," सरूबाई खिडकीखालून म्हणाली. "उजवीवर दूध वकती."

गाडी हलली. वच्छलाबाईनं ऐकलं की नाही, कळलं नाही. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. सरूबाईनं ओट्यावरचं फडकं उचललं, त्याची घडी केली आणि दोघी थोड्या अंतरानं गावाकडं चालू लागल्या.