तीनचा भोंगा

नाव : तात्याबा शिवराम मिंडे. वय : बेचाळीस, जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी ठरवली तीच. मूळ गाव : मौजे महाळुंगे, हल्ली मुक्काम आकुर्डी. पूर्वीचा व्यवसाय : कारखान्यात प्रेस मशीनवर आठ वर्षे. हुद्दा : मुख्य प्रशिक्षक, प्रगती मोटार ट्रेनिंग स्कूल, चिंचवड. ताब्यातील वाहने : एक. सदर इसमाने परीक्षेस पाठवलेला एकही उमेदवार आजतागायत अनुत्तीर्ण झालेला नाही.

हा मजकूर स्कूलचे मालक सोपानराव यांनी १९७४ साली स्वहस्ते लिहून काचेत घालून भिंतीवर टांगला होता. शेवटचं वाक्य खरं होतं, आणि सोपानरावांचा सगळा ताप त्या खरेपणातच होता. कारण माणूस तयार झाल्याशिवाय तात्याबा त्याला परीक्षेला पाठवतच नसे. मग तारीख जावो, ओळखीचा पाहुणा रागावो, नाहीतर सोपानराव जेवायचे थांबोत.

तयार झाला हे तात्याबाला कसं कळायचं, हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. चाकणकडचा शेतकरी गडी ब्रेक दाबताना तोंडाने "हो, हो, हो" करायचा आणि वळणावर बैलगाडीत बसल्यासारखा कलायचा. तो 'हो' तोंडातल्या तोंडात विरला की गडी तयार. कंपनीतल्या माणसाचं दुखणं वेगळं. भोंगा झाला की हात मशीनवरून वर, ही शिस्त सुपरवायझरने त्याच्या अंगात भिनवलेली. चार-पाच वर्षांनी हात थेट कानाचं ऐकतात, मध्ये डोक्याला विचारत नाहीत. म्हणून तात्याबा कंपनीच्या प्रत्येक माणसाला शेवटी दुपारी तीनला मोठ्या गेटसमोरच्या रस्त्यावर न्यायचा. पहिली शिफ्ट सुटलेली, दुसरी आत शिरतेय, हजारभर सायकली, आणि वर भोंगा. हात स्टिअरिंगच्या चाकावर राहिले तर तयार.

पिंपरीचा भिवा ओव्हाळ त्या साली मार्चमध्ये आला तो डाव्या हाताच्या तर्जनीचं अर्धं पेर घेऊन. उरलेलं दिवाळीच्या आधी प्रेसखाली गेलं होतं. भोंगा झाला होता. "एवढा एक पीस काढतो" म्हणाला, आणि काढला. आता त्याला प्रेसवर परत घेणार नव्हते. कंपनीच्या ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हरची जागा होती. महिनाअखेर लायसन दाखवा आणि गाडी घ्या, नाहीतर घरी बसा, असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं. घरी बायको तानाबाई आणि तीन पोरं आधीच बसलेली होती.

भिवा भराभर शिकला. आठाचा आकडा असा काढायचा की सोपानराव दारात येऊन बघायचे. परीक्षा बारा तारखेला होती. अकराला तात्याबा त्याला गेटवर घेऊन गेला. अँबॅसिडर दुसऱ्या गियरमध्ये, भिवा ऐटीत. भोंगा झाला आणि भिवाचे दोन्ही हात खांद्यापर्यंत वर गेले. तात्याबाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. तरी एका सायकलवाल्याचा डबा बॉनेटवर येऊन बसला.

"ओ राव," सायकलवाला डबा उचलत म्हणाला, "गाडी शिकताय का शरण येताय?"

तात्याबा एवढंच बोलला, "उद्याचं न्हाई. सव्वीसला बघू."

"तात्या, पोटावर पाय देताय माझ्या!" भिवा ओरडला. "परीक्षेत काय भोंगा वाजिवत्यात व्हय?"

"परीक्षेत न्हाई. पण ॲम्ब्युलन्समधी मागं माणूस झोपल्याला असतोय. त्यानं काय धरायचं?"

सोपानरावांनी डोक्याला हात लावला. "अरे, आरटीओचा साहेब चार मिनिटं परीक्षा घेतो. तू महिना घेतोस!"

"म्हून तर साहेबाला चार मिनिटं पुरत्यात."

दुसऱ्या दिवसापासून रोज पावणेतीनला गाडी गेटसमोर कडेला उभी. इंजिन चालू, हात चाकावर. भोंगा झाला की हात वर. तात्याबा रागावला नाही, त्याने हात धरलेही नाहीत. म्हणायचा, "जाऊ दे वर. फकस्त बोलायचं थांबू नको. बोल, दिवाळीआधी काय झालं ते."

भिवाने ते कुणालाच नीट सांगितलं नव्हतं, तानाबाईलासुद्धा नाही. पाचव्या दिवशी त्याने सांगितलं. त्या दिवशी हात अर्ध्यावर जाऊन खाली आले. पुढं गाडी उभी राहायची बंद झाली. ती पहिल्या गियरमध्ये सायकलींच्या लोंढ्यात शिरू लागली.

पंचवीस तारखेला एक दूधवाला दोन किटल्या लावून बरोब्बर आडवा आला. भिवाने त्याची उभी-आडवी आरती केली, गियर बदलला, त्याला डावलून गाडी काढली आणि फर्लांगभर पुढे गेल्यावर विचारलं, "तात्या, आज भोंगा लेट हाय का?"

"झाला की."

"कवा?"

"तू दूधवाल्याच्या आज्यापत्तुर पोचला हुतास तवा."

तात्याबाने खिडकीची काच खाली केली आणि बिडी पेटवली. शिकाऊ माणसाशेजारी बसून त्याने बिडी ओढल्याचं चिंचवडात कुणी पाहिलेलं नव्हतं.

सव्वीसला आरटीओ साहेबांची जीप पुण्याहून उशिरा आली. भिवाचा नंबर लागला तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. परीक्षेचं मैदान कारखान्यांच्या कुंपणाला लागूनच. साहेबांनी त्याचा हात न्याहाळला.

"बोट कुठंय?"

"कंपनीत, साहेब."

"चालवायला अडचण?"

"त्याच्याशिवायच शिकलोय."

आठाचा आकडा निम्मा झाला आणि भोंगा वाजला. कुंपणाशी उभ्या सोपानरावांनी डोळे मिटले. तात्याबाने मिटले नाहीत. गाडीने उरलेला आठ काढला, उलटी आली आणि खुणेच्या दगडाला न शिवता उभी राहिली. साहेबांनी सही केली.

एक तारखेला पांढरीशुभ्र ॲम्ब्युलन्स स्कूलच्या दारात आली. आत भिवा, शेजारी तानाबाई, मागं तीन पोरं, आणि वर घंटा अशी घणघणत होती की अर्धं चिंचवड दारात. "कोन आजारी पडलं?" कुणीतरी विचारलं. "कुनी न्हाई!" भिवा ओरडला. "बसा तात्या!" मुख्य प्रशिक्षक मागच्या स्ट्रेचरवर ताठ बसले आणि बाजारपेठेतून त्यांची मिरवणूक निघाली.

सोपानरावांनी त्याच दिवशी काच काढून मजकुरात 'नामवंत' हा शब्द वाढवला.

तात्याबा स्वतः तीनदा नापास झाला होता. तिन्ही वेळा परीक्षा दुपारी तीनला होती.