‘सांगू नका’ हेही सांगितलं

माझे वडील रेल्वेत होते आणि त्यांची बहुतेक नोकरी ओडिशात, संबलपूरच्या बाजूला झाली. घरात मराठी आणि दाराबाहेर ओडिया, अशी मी वाढले. लग्न होऊन नगरला आले, शाळेत भूगोल शिकवला, आणि त्या भाषेशी माझा संबंध संपला. निवृत्त झाल्यानंतर एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयात काम करते. “बाई, तुम्हाला ओडिया येतं ना? वर्गात एकदा म्हणाला होतात,” ती म्हणाली. मी म्हटलं, येत होतं.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करणारी एक मुलगी हात भाजला म्हणून सरकारी दवाखान्यात आली होती. आधार कार्डावर वय एकोणीस. डॉक्टरबाईंना ते पटलं नाही आणि त्यांनी मुलांच्या हेल्पलाइनला कळवलं. दुसऱ्या दिवशी मुलगी बाल कल्याण समितीपुढे आली आणि तिला मुलींच्या बालगृहात ठेवलं गेलं. ती संबलपूरकडची, तिला मराठी येत नव्हतं आणि हिंदी जेमतेम. अशा मुलाला त्याच्या भाषेत बोलता यावं म्हणून समितीने दुभाषी बोलवायचा असतो, एवढं मला विद्यार्थिनीने समजावलं. समितीच्या अध्यक्षा वकील होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, की आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि तिचं काही गाळायचं नाही. भूगोलाच्या बाईला हे अवघड वाटलं नाही.

बालगृहातल्या मावशी मला दारातच म्हणाल्या, “लई गप ऱ्हाती. जेवती, पर बोलत न्हाई कुनासंगं.” मी खोलीत जाऊन तिच्या गावाकडच्या वळणाने विचारलं, हात दुखतो का? मग ती बोलायला लागली आणि मध्ये थांबेना. माझं ओडिया गंजलेलं होतं. दोनदा तिनेच मला शब्द पुरवले.

कागदांत लिहिलं होतं की ती आजीबरोबर इकडे आली आणि आजी आता सापडत नाही. पोलीस म्हातारी बाई शोधत होते. ही चूक माझ्या लगेच लक्षात आली. ती पहिल्यापासून ‘नानी’ म्हणत होती. हिंदीत नानी म्हणजे आईची आई. तिच्याकडे नानी म्हणजे मोठी बहीण. मी तिला विचारलं, नानी कुठे आहे? ती म्हणाली, आमच्या खोलीवर, ती पण त्याच कारखान्यात आहे, तिचं कार्डही माझ्यासारखंच ठेकेदाराने वय वाढवून करून दिलंय. मग एकदम म्हणाली, “हे त्यांना सांगू नका.”

समितीची बैठक दुपारी होती. मी सगळं सांगितलं. नानी म्हणजे बहीण, ती खोलीवर आहे, तिचंही कार्ड तसंच आहे. आणि शेवटी, ‘सांगू नका’ असं मुलगी म्हणाली, हेही सांगितलं. मुलगी शेजारीच बसली होती. मराठी कळत नसलं तरी मी काय केलं ते तिला कळलं. ती उठली नाही, रडली नाही. फक्त आपली खुर्ची माझ्यापासून थोडी लांब सरकवली. त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही.

त्या आठवड्यात त्यांच्या गावच्या शाळेत फोन करायचं काम माझ्याकडे आलं. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसला तर जन्मदाखला आणि काहीच नसलं तर वैद्यकीय तपासणी. मुख्याध्यापकांना वाटलं मी तिकडचीच कुणीतरी आहे. त्यांनी शाळेच्या रजिस्टरच्या पानांचा फोटो पाठवला. धाकटी पंधरा वर्षांची होती. थोरलीला अठरा पूर्ण व्हायला अजून काही महिने होते. दोघींना ज्या रसायनांच्या कामावर ठेवलं होतं ते अठराच्या आतल्या कुणालाच देता येत नाही. ठेकेदारावर गुन्हा नोंदला गेला आणि थोरलीलाही बालगृहात आणलं.

ती समितीपुढे आली तेव्हा मी माझ्या जागी बसले होते. तिने माझ्याकडे बोट केलं आणि अध्यक्षांना हिंदीत म्हणाली, “या नकोत. माझं मी सांगते.” अध्यक्षांनी मला बाहेर बसायला सांगितलं. ते बरोबरच होतं. कुणाच्या तोंडून बोलायचं हे ठरवायचा हक्क तिलाही होता.

तिने काय सांगितलं ते मला नंतर विद्यार्थिनीकडून कळलं. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं. ती धाकटीला घेऊन निघाली, कारण ती एकटी गेली असती तर तिच्या जागी धाकटीला उभं केलं असतं. सापडलो तर परत पाठवतील, एवढीच त्यांना भीती होती. धाकटी ‘सांगू नका’ का म्हणाली, हे मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. स्वतःहून प्रश्न विचारायचे नसतात असं मी धरून चालले होते. खरं तर, ‘तिला का ते विचारू का?’ एवढं मी अध्यक्षांना म्हणू शकले असते. ते मला सुचलंच नाही.

भीती निराधार नव्हती. मुलांना शक्यतो घरी पाठवायचं, अशीच साधारण दिशा असते. पण थोरलीच्या जबाबानंतर समितीने तिकडच्या जिल्ह्याला पत्र लिहिलं, बालविवाह रोखणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायला सांगितलं आणि घरची चौकशी होऊन अहवाल येईपर्यंत दोघींना इथेच, एकत्र ठेवायचा आदेश काढला. अहवाल यायला पाच महिने लागले. दोघींनी घरी जायला नकार दिला, तो नोंदवला गेला आणि दोघी इथेच राहिल्या.

दरम्यान धाकटीला जवळच्या शाळेत आठवीत घातलं. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांना नियम दाखवून पटवलं. मराठी शिकवायला मी रविवारी जाऊ लागले. पहिल्या दोन रविवारी ती वहीकडे बघून नुसती मान हलवायची. तिसऱ्या रविवारी मी ‘बाळ’ लिहिलं आणि तिने ळ अगदी स्वच्छ म्हटला. तिच्या भाषेत तो आहेच. मी तसं म्हटल्यावर तिने ळ असलेले तिच्याकडचे चार शब्द मला म्हणून दाखवले. आमचं बोलणं असं पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर मला आणखी दोन मुलांसाठी बोलावणं आलं. आता मी आधी मुलाला सांगते, की तू जे बोलशील ते सगळं मी यांना सांगणार आहे, ‘सांगू नका’ म्हणालास तरी. एक मुलगा हे ऐकून पाऊण तास काहीच बोलला नाही. आम्ही सगळे थांबलो.

थोरली बालगृहातच अठराची झाली. पुढे तीन वर्षं राहण्याची आणि शिक्षणाची मदत मिळू शकते, असं तिला सांगितलं. शिवणकाम सुचवलं गेलं. तिने वेल्डिंग मागितलं. पुण्याकडच्या एका आयटीआयमध्ये तिला जागा मिळाली. ती निघाली त्या सकाळी विद्यार्थिनीला दुसरं काम होतं, म्हणून तारकपूर स्टँडवर सोडायला मी गेले. गाडी लागायची होती. ती पहिल्यांदाच माझ्याशी ओडियात बोलली.

“तुम्ही तेव्हा सांगितलं नसतं तर मी अजून त्या खोलीतच असते,” ती म्हणाली. “पण बरं केलंत, असं मी म्हणणार नाही.”

मी म्हटलं, नको म्हणूस. गाडी लागल्यावर तिने बॅग वर ठेवली, खिडकीची जागा धरली आणि कंडक्टरला हिंदीत विचारलं, की पुण्याला किती वाजता पोहोचेल.