आत्याबाई मागे गेल्या ती फुगडी

कुणाच्याही मागून न चाललेली बाई साऱ्या खोडद गावात एकच होऊन गेली, आणि ती माझ्या वाट्याला चुलत सासू म्हणून आली. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची रीत. मी त्यांनाही आत्याबाईच म्हणायची. जुन्नरला मोटार यायच्या आधीचा तो काळ. बाजाराला पायी जायचं, नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे. आमच्या आत्याबाई मात्र डोईवर पाटी घेऊन पुढे, आणि चुलत सासरे छत्री सावरत मागे. कुणी चिडवलंच, "काय राव, तुमी मागं?" तर ते शांतपणे म्हणायचे, "वाट तिला ठाव हाय. मला तिची पाठ ठाव हाय, तेवढं बास."

जात्यावर दोघी बसलो तर खुंटा दोघींच्या हातात, फेरे मात्र त्यांच्या मनासारखे. गाडीत बसल्या की कासरा गाडीवानाच्या हाती असायचा आणि बैल ऐकायचे आत्याबाईंचं. देवळात एक आरती संपते न संपते तोच त्या दुसरी सुरू करायच्या. गुरव बिचारा घंटा घेऊन त्यांच्या मागे धावायचा.

पण त्यांचं खरं राज्य फुगडीत. नागपंचमीला वारुळाची पूजा झाली की चिंचेखाली सासुरवाशिणींची एक जोडी आणि माहेरवाशिणींची एक जोडी एकाच वेळी फिरायला लागायची. जी आधी थांबेल ती हरली. जिंकेल तिला झोक्याचा पहिला मान. आत्याबाई बांगड्यांवर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायच्या, माझ्या पावलांना पावलं भिडवायच्या आणि बजावायच्या, "एकीनं वढायचं, दुसरीनं जायचं. दोघी वढाया लागल्या की दोघी पडत्यात." ओढायच्या अर्थातच त्या. माझ्या आधीच्या तिघी जोडीदारणी घेरी येऊन पळाल्या होत्या. मी आंबेगावाकडून आलेली बावळट पोर, चार वर्षं मुकाट्यानं जात राहिले आणि आम्ही जिंकत राहिलो.

पाचव्या वर्षी माहेरवाशिणींतली एक धिप्पाड पोर चारचौघींत बोलली, "काकी आता थकली. यंदा झोका आमचा!" झालं. आत्याबाई कडाडल्या, "हरले तर पुन्यांदा या चिंचंखाली पाय ठेवनार न्हाई!" आणि त्या बोललेलं करायच्या. फुगडीवाचून आत्याबाई मला बघवल्या नसत्या.

बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि त्यांची पकड सैल पडली. बघणाऱ्यांना काही दिसलं नाही, पण मला कळलं. जी मागून जाते तिला ओढणारीच्या हातातलं सगळं कळतं.

"सूनबाई," त्या धापा टाकत म्हणाल्या, "आता तू वढ."

"मला न्हाई येत, आत्याबाई!"

"मला तरी मागं जाया कुठं येतंय? वढ!"

मी ओढलं. सवयीनं त्यांनी उलटा हिसका दिला आणि आम्ही पडता पडता वाचलो. मग त्यांनी डोळे गच्च मिटले आणि आल्या, इतक्या हलक्या की माझी मीच थक्क झाले! माझा वेग वाढला, चिंच गरगरली, आणि पलीकडे धप्पकन आवाज झाला. धिप्पाड पोर जोडीदारणीसकट मातीत बसली होती. बायकांनी असा गलका केला की वेशीवरचे पुरुष काय झालं म्हणून धावत आले.

आत्याबाईंनी मला झोक्यावर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वढनं सोपं हाय गं. मागं जानं लई अवघड. चार वर्सं ही पोर कशी आली आसंल माझ्यामागं?" मला रडूच फुटलं.

घरी जाताना बांधावर त्या थांबल्या. "व्हय पुढं." मी पुढे झाले, पण सारखी वळून बघत होते. त्या ओरडल्या, "मागं बघू नगंस, मी हाय!"

आता त्या नाहीत. बाजाराच्या वाटेला माझ्यामागे सुना असतात, त्यांची कुजबुज ऐकू येते. तरी त्या बांधापाशी आले की मी वळून बघत नाही. न बघता चार पावलं चालले, तर तेवढी चार पावलं मागे आत्याबाई असतात.